विदूषकाने मागे बघायचं नसतं

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला लोक ठरलेले प्रश्न विचारतात. समुद्रावरचा तो लाल पूल पाहिला का, पोरीचं घर केवढं आहे, खाण्याचे हाल झाले का. मीही ठरलेली उत्तरं देतो आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावतो. पण डोळे मिटले की मला तो पूलबिल काही दिसत नाही. दिसतं ते नेवाडातल्या एका लहान गावाचं मातीचं मैदान. लिहून काढलंत तर बरं वाटेल, असं माझी मुलगी केतकी फोनवर म्हणते. मला तसं मुळीच वाटत नाही, तरी लिहितो.

सनीव्हेल

मी गुरांचा डॉक्टर. सगळी नोकरी अमरावती जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत गेली. अडलेल्या गायी सोडवल्या, बैलांच्या खांद्यांच्या गाठी कापल्या, लाथा खाल्ल्या. अशा माणसाला सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये नेऊन बसवलं की त्याचं काय होणार? सकाळी जावई निखिल लॅपटॉप उघडून एका खोलीत, केतकी दुसऱ्या खोलीत, आणि मी बाल्कनीत. खाली पट्टे बांधलेली कुत्री फिरायची. एकेकाची तब्येत आमच्या तहसीलदारापेक्षा चांगली होती. फ्रिजमध्ये कॅनभर दूध असायचं, पण गाय म्हणून औषधालाही दिसली नाही.

एकदा जेवताना मी वैतागून म्हणालो, "या देशात बैल आहेत की तेही मशीनवर बनवता?"

केतकी हसली. "थांबा बाबा, चेक करते." आणि हात धुवायच्या आत फोन माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा. नेवाडात रोडिओ आहे, लाँग वीकेंडला. ड्राइव्ह मोठा आहे, पण मी करेन. निखिल ऑन-कॉल आहे, त्याला राहू दे घरी."

"रोडिओ म्हणजे आपला शंकरपट का?"

"ऑलमोस्ट. बैल आहेत, धूळ आहे, लोक ओरडतात. फक्त बैल गाडीला जुंपत नाहीत, त्याच्यावर माणूस बसतो."

"आणि बैल बसू देतो?"

"नाही देत. तोच तर गेम आहे, बाबा."

आमच्या विदर्भात शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. लहानपणापासून पाहिलेली. तेव्हा आपल्याला काही नवीन दिसणार नाही, अशा गुर्मीत मी निघालो.

वाटेबद्दल फार लिहीत नाही. आधी उंच सूचिपर्णी झाडांचा डोंगर, मग तो उतरलं की एकाएकी सगळं संपतं. करड्या झुडपांचं वाळवंट, आणि त्यातून सरळ रस्ता. मेथीचे पराठे आणि ठेचा सोबत होता म्हणून निभावलं, कारण एका पेट्रोल पंपावर शाकाहारी बर्गर मागितला तर तिथल्या बाईंनी मधलं मांस काढून पाव आणि कांदा आमच्या हातात ठेवला. केतकी तावातावाने बोलायला निघाली होती. मी म्हटलं, जाऊ दे, कांदा चांगला आहे.

शुक्रवार, गुरांच्या कुंपणाशी

गावाचं नाव सांगत नाही. पुढे जे झालं त्यात गावाचा दोष नव्हता.

मैदानाच्या मागे लोखंडी कुंपणात बैल ठेवले होते. मी तिकडे गेलो आणि जागीच थांबलो. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, लांब कान. आपल्याकडून बोटीने नेलेल्या गुरांचं रक्त अमेरिकेतल्या बैलांत मिसळलंय, हे कॉलेजात पाठ केलं होतं. पण तो बैल कुंपणापलीकडून माझ्याकडे बघत उभा राहिला तेव्हा परदेशात गाववाला भेटावा तसं झालं. शिंगांची टोकं कापून बोथट केली होती. कातडी तुकतुकीत, खूर साफ. खाण्यापिण्याची आबाळ नव्हती.

"त्याला हात लावू नका, त्याला आवडत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

साठीचा, काटकुळा, एका बाजूला लंगडणारा माणूस. अंगात दोन माणसं मावतील एवढी ढगळ पँट, खांद्यावरून पट्ट्यांनी अडकवलेली. केतकीने माझी ओळख करून दिली, माझे वडील, भारतात गुरांचे डॉक्टर होते. त्याने लगेच माझा हात दाबला. "डॉक! मी डेल. इथला विदूषक." तेव्हापासून मी त्याचा 'डॉक' झालो. केतकीला त्याचे उच्चार मधूनमधून मला समजावून सांगावे लागत, पण गुरांशी बोलणारी माणसं सावकाश बोलतात, त्यामुळे जमलं.

विदूषकाचं बैलांशी काय काम, हे मी त्याला विचारलं. त्याने कुंपणाला रेलून सांगितलं. स्वार पडतोच. कुणी आधी, कुणी नंतर. पडला की बैल त्याच्याकडे वळतो. तेव्हा कुणीतरी दोघांच्या मध्ये जायचं आणि बैलाने आपल्यामागे लागावं असं करायचं. रंगीत कपडे त्यासाठीच होते, हसवणं नंतर आलं. पूर्वी ही दोन्ही कामं विदूषकच करायचा. आता बहुतेक ठिकाणी कामं वाटलेली आहेत. बैलाच्या पुढ्यात जायला तरणी पोरं असतात, बिनरंगाची, खेळाडूंचे बूट घातलेली. विदूषक मैदानाच्या मधोमध एका जाड पत्र्याच्या, गादी लावलेल्या पिंपाशी असतो. बैल फारच पेटला तर पिंपात बसतो, बैल पिंपाला धडका देतो, तेवढ्यात स्वार निसटतो.

"माझा खुबा बैलाने मोडला," डेल म्हणाला. "तेव्हापासून पुढ्यात माझा मुलगा जातो आणि मी पिंपात बसून बडबड करतो."

"बडबड कशाला?"

त्याने जरा विचार केला. "कधी कधी माणूस पडतो आणि उठत नाही. मग सगळे त्याच्याकडे बघत बसतात. त्याची आई तिथेच असते, पोरं असतात. ॲम्ब्युलन्सवाल्यांना काम करायला वेळ हवा. तेवढा वेळ लोकांनी माझ्याकडे बघायला हवं. म्हणून मी त्याच्याकडे पाठ करतो आणि जोक सांगतो. मी मागे बघितलं की सगळं मैदान बघतं. म्हणून विदूषकाने मागे बघायचं नसतं."

त्याचा मुलगा कोडी तेवढ्यात आला. पंचविशीचा, गोरापान, उन्हाने नाक सोललेलं. बाप अजून तोंडाला रंग फासतो याची त्याने आमच्यासमोर यथेच्छ टिंगल केली. मी म्हणालो, आमच्याकडे पोळ्याला रंग बैलाच्या शिंगांना लावतात, इथे माणसाच्या तोंडाला लावलेला दिसतो. मग पोळ्याचं सगळंच सांगावं लागलं. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकायचे आणि त्याला आमंत्रण द्यायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास, आणि दिवसभर कामाला सुट्टी.

कोडीला हे फार आवडलं. आतल्या बैलाला तो म्हणाला, "ऐकलंस? उद्या जेवायला ये."

त्यांनी आमच्यापुढे मांसाचे सँडविच केले. मी नको म्हणालो. कारण कळल्यावर कोडी ओशाळला, गेला आणि कोळशावर भाजलेलं, लोण्याने निथळणारं कणीस माझ्या हातात आणून ठेवलं. असं कणीस मी अमरावतीतही खाल्लं नव्हतं, हे मी त्याला सांगितलं. तो लाजला.

शनिवार

लाकडी पायऱ्यांवर सगळं गाव बसलेलं. आम्हाला डेलने अगदी पुढे, कठड्याला लागून बसवलं होतं. ऊन अमरावतीचंच, म्हणून मी सवयीने डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा बांधला. आधी प्रार्थना झाली. सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि उद्घोषकाने देवाला सांगितलं, आमच्या पोरांना आणि जनावरांना सांभाळ. मीही हात जोडले. आपल्याकडे पट सुरू होण्याआधी नारळ फोडतात, तसंच हे.

बैलावरची स्वारी सगळ्यात शेवटी. एका हाताने दोर धरायचा, दुसरा हात हवेत, आणि आठ सेकंद टिकायचं. मला पहिल्याच स्वाराला कळून चुकलं की हा शंकरपट नाही. शंकरपटातही माणसं जखमी होतात, एकदोनदा मेलेलीही मी पाहिली आहेत. पण तिथे तो अपघात असतो. इथे माणूस पडणार हे आधीच ठरलेलं असतं आणि त्या पडण्यासाठी माणसं नेमलेली असतात. माझा उत्साह तिथेच गेला, पण कोडीचं काम बघण्यासारखं होतं हे कबूल करायला हवं. बैल वळायच्या आधी तो वळायचा. त्याच्या वशिंडावर हात टेकवून बाजूला व्हायचा.

नंतर एका स्वाराची मूठ दोरात अडकली. तो खाली घसरला, पण हात वरच. बैल गरगर फिरतोय आणि हा चिंधीसारखा बाजूला लोंबतोय. कोडी सरळ बैलाच्या कुशीत शिरला. एका हाताने दोराचं टोक ओढत तो बैलाबरोबर पळत राहिला. दोर सुटला. स्वार मातीत पडला, उठला आणि कुंपणावर चढला. कोडीला बैलाने डोक्याने उचललं. तो वर गेला, मानेवर आणि खांद्यावर आपटला, आणि बैलाचा मागचा पाय त्याच्या पाठीवर पडला. बैलाच्या डोळ्यांत राग नव्हता. मी जनावरांचे डोळे आयुष्यभर बघितलेत. तो घाबरला होता आणि त्याला दार हवं होतं. कोडीबरोबरच्या दुसऱ्या पोराने त्याला दारातून बाहेर नेलं.

कोडी उठला नाही.

डेल पिंप सोडून धावला, त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला. कोडीचे ओठ हललेले मला दिसले. ॲम्ब्युलन्सची माणसं पोचली. डेल उठला, टोपी नीट केली, आणि मैदानाकडे पाठ करून थेट आमच्या कठड्याशी आला. त्याच्या गालाशी बारीक माइक होता आणि कमरेला त्याचं बटण.

"हे बघा कोण आलंय!" त्याचा आवाज सगळीकडे घुमला. "डॉक, नेवाडात लोक असं तोंड बांधून फक्त बँकेत जातात!"

लोक हसले. माझ्या शेजारचे आजोबा मांडीवर थाप मारून हसले. डेलने माझा हात धरून मला उभं केलं. रंगवलेलं हसू कानापर्यंत गेलेलं, आणि त्याच्या खालचे खरे ओठ हसत नव्हते. तो इतका जवळ होता की मला रंगातून वाहणारा घाम दिसत होता.

मग त्याने कमरेचं बटण दाबून माइक बंद केला.

"डॉक," तो हळू म्हणाला, "तुम्हाला दिसतंय. मला सांगा. पाय हलवतोय का?"

मला दिसत होतं. त्याच्या खांद्यावरून सगळं सरळ दिसत होतं. एका बाईने कोडीचा बूट आणि मोजा काढला होता. ती त्याच्या पावलाला चिमटा घेत होती. खाली बसलेल्या, उठता न येणाऱ्या जनावराला आम्ही हेच करतो. खुराच्या बेचक्यात चिमटा घ्यायचा. पाय ओढून घेतला तर आशा. तिने एका पायाला घेतला, मग दुसऱ्या. परत पहिल्याला. कोडी डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत होता. त्याला ती काय करतेय हे कळलंच नव्हतं.

गुरांच्या डॉक्टरला मालकासमोर लगेच वाईट बोलायची सवय नसते. औषध देऊ, दोन दिवस बघू, असं म्हणत आम्ही गोठ्यातून बाहेर पडतो. माझ्या तोंडून तेच बाहेर आलं. "वी विल सी," मी म्हणालो. "वी विल सी, डेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बटण दाबलं.

"डॉक म्हणतात माझी कडबाकुट्टी कमी करा!" तो ओरडला, आणि पँट पुढे ओढून आतली मोकळी जागा लोकांना दाखवली. मैदान हसून कोसळलं. तो बोलत राहिला. सासूवर बोलला, उद्घोषकाच्या टकलावर बोलला. लहान मुलं खिदळत होती. एकानेही तिकडे बघितलं नाही. डेलनेही नाही. स्ट्रेचर दाराबाहेर गेल्यावर उद्घोषकाने टाळ्या मागितल्या आणि लोकांनी मनापासून दिल्या. त्यानंतर पुढचा स्वार बैलावर बसला.

"बाबा, हे काय आहे?" केतकी म्हणाली. "त्याचा मुलगा आहे तो! आणि शो चालू? दिस इज सिक, यार. आपण निघू या."

मला निघता आलं नाही. मला उठून ओरडायचं होतं, थांबवा हे म्हणून. माझ्या भाषेत ओरडलो असतो तर लोकांना तोही एक जोक वाटला असता.

खेळ संपल्यावर डेल गुरांच्या नळाशी तोंड धूत होता. कोडीला हेलिकॉप्टरने शहरातल्या हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, डेल गाडीने निघणार होता. केतकीने त्याला टॉवेल दिला.

"तू खेळ सोडून त्याच्याकडे का नाही गेलास?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"त्यानेच सांगितलं. 'डॅड, कामाला जा.' तो वरच्या पायऱ्यांकडे बघत होता. तिथे त्याच्या बायकोला नुकतंच कुणीतरी आणून बसवलं होतं. पोटुशी आहे ती." त्याने तोंड पुसलं. कानामागे पांढरा रंग तसाच राहिला होता. "माझ्या वडिलांकडे गायी होत्या, डॉक. गुरांचा डॉक्टर 'बघू' म्हणाला की वडील आम्हाला फावडं आणायला पाठवायचे."

म्हणजे त्याला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी त्याने ती पँट पुढे ओढून दाखवली होती.

"आता नीट सांगा," तो म्हणाला.

मी सांगितलं. चिमटा, दोन्ही पाय, परत पहिला पाय. त्याने मान हलवली, माझे आभार मानले, आणि गाडीत बसला. या माणसाने माझे आभार मानले.

रविवार

सकाळी आम्ही सामान गाडीत टाकलं, पण बातमी न कळता निघवेना. दुपारी मैदानावर गेलो तर डेल तिथेच. तोंडाला रंग, तीच पँट. रात्रभर झोपला नसावा.

"कोडी?" केतकीने विचारलं.

"जागा आहे. तिथल्या डॉक्टरांनी तुमच्या बाबांसारखंच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेतला." तो कठड्याला टेकला. "त्याला पहिला प्रश्न काय पडला माहितेय? आज ट्रॅव्हिसबरोबर कोण आहे? ट्रॅव्हिस म्हणजे तो दुसरा पोरगा. एकट्याने बैलांपुढे उभं राहणं शक्य नाही. रविवारी ऐनवेळी बदली माणूस मिळत नाही."

"मग खेळ बंद करा ना," केतकी म्हणाली. "प्लीज."

"खेळ बंद होत नाही. मी नसलो तरी ही पोरं बैलावर बसणारच आहेत."

"कशासाठी, डेल?" मी म्हणालो. "आठ सेकंदांसाठी?"

"मला माहीत नाही, डॉक. माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं." आणि तो लंगडत आत गेला.

हे ऐकून मला त्याच्याबद्दल आदर वाटला असं लिहायला हवं. मला फक्त संताप आला आणि मग तोही राहिला नाही. एक मुलगा कमरेखाली संपला होता आणि चोवीस तासही झाले नाहीत तोच त्याच मातीवर नवीन पाणी मारून ती गुळगुळीत केली होती. परत प्रार्थना झाली. देवाला परत तेच सांगितलं. या वेळी माझे हात जोडले गेले नाहीत.

डेल कालचेच जोक सांगत होता. बँकेचा जोक त्याने रुमाल बांधलेल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगितला आणि लोक कालसारखेच हसले. नंतर एक अगदी कोवळा स्वार पडला. बैल त्याच्यावर वळला. ट्रॅव्हिस दुसऱ्या टोकाला अडकला होता. डेलने पिंप कलतं केलं आणि मोडक्या खुब्याने ते ढकलत तो बैलाच्या आणि त्या पोराच्या मध्ये घुसला. ऐनवेळी आत शिरला. बैलाने पिंपाला अशी धडक दिली की ते हवेत उडालं, आपटलं, गडगडत गेलं. केतकीने माझा दंड घट्ट धरला. मग ट्रॅव्हिस पोचला, बैल त्याच्यामागे गेला, दार लागलं.

पिंपातून डेलचं डोकं वर आलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो कोवळा स्वार मैदान ओलांडून पळत होता. धडपडला, सावरला, परत पळाला, दोन पावलांत कुंपणावर चढला आणि पलीकडे उडी मारून उभा राहिला.

डेल मागे वळून त्याचे पाय बघत होता.

"डेल, सगळं ठीक?" उद्घोषकाने हसत विचारलं. ही त्याने जोक सांगायची जागा होती. उद्घोषक थोडा थांबला आणि त्याने परत नाव घेतलं. डेल पिंपात तसाच उभा होता, आमच्याकडे पाठ करून. हळूहळू पायऱ्यांवरचे लोकही तिकडेच बघायला लागले.